नात्याचा रकाना

१ ऑक्टोबर, मंगळवार
आजपासून रोजनिशी. रोज एक पान, सबब नाही. परदेशात शिकून मोठ्या झालेल्या माणसांना पुढे लोक विचारतात की सुरुवातीचे दिवस कसे होते. तेव्हा कागद हाताशी असलेले बरे.

निश्चय: सकाळी सहाला उठणे. भांडी त्याच दिवशी घासणे (ही रूममेटची अट, पण मी ती माझा निश्चय म्हणून स्वीकारली आहे). लायब्ररीत रोज चार तास.

या सत्रात एक ऐच्छिक विषय घ्यायचा होता. "युद्ध आणि स्मृती" घेतला. सीनियर म्हणाले, परीक्षा नाही, एकदा युद्धाचं म्युझियम बघायचं, दहा पानी रिपोर्ट द्यायचा, विषय सुटला. मी मात्र इतिहासाच्या ओढीने घेतला. परीक्षा नसणं हा योगायोग.

शनिवारी म्युझियम. दार उघडायच्या वेळी, दहाला हजर. प्रत्येक पाटी वाचायची. वही नवीन आणली आहे.

५ ऑक्टोबर, शनिवार
म्युझियम झालं.

पोचायला पावणेचार झाले. मोजे वाळले नव्हते, ओल्या मोज्यांनी इतिहास बघण्यात अर्थ नाही. बंद व्हायची वेळ पाच. कोट जमा करून बिल्ला घेण्यात दहा मिनिटं, कॅफेच्या रांगेत वीस. कॉफी बरी होती. मग खालच्या दुकानात पोस्टकार्डं बघितली. पोस्टकार्डांवर म्युझियममधल्या जवळजवळ सगळ्या वस्तू आहेत, त्यामुळे तेही एक प्रकारे बघणंच झालं.

पहिल्या खोलीत एका लहान मुलीचे बूट. तळव्याला भोक पडलंय म्हणून आतून पुठ्ठा घातलेला. पाटी लांबलचक होती, फोटो काढून घेतला, घरी वाचेन. पुढे एक तोफ. तिच्यापाशी माझाही फोटो काढला. गार्ड जवळ येऊन हळूच म्हणाला, इथे हसून फोटो काढत नाहीत. मी हसत नव्हतो. माझा चेहराच तसा आहे. आजूबाजूचे चारपाच जण मात्र माझ्याकडे बघत होते, आणि मी उगाच बुटाची लेस बांधायला खाली वाकलो. लेस सुटलेली नव्हती.

दुसऱ्या खोलीत अंधारात फिल्म चालू होती. तिथल्या बाकावर बसून डोळे मिटून विचार करत होतो. गार्डने (तोच) खांद्याला हात लावून उठवलं. विचार करणं आणि घोरणं यातला फरक त्या माणसाला कळत नाही.

एकूण दीड खोली. बाकीच्या अकरा पुढच्या शनिवारी.

८ ऑक्टोबर, मंगळवार
सेमिनार. एक लांब टेबल, बारा जण. प्रोफेसरबाईंनी वह्या मिटायला सांगितल्या. म्हणाल्या, म्युझियमचं नंतर, आज तुमच्या घरात त्या युद्धाचं काय उरलंय ते सांगा. हे सिलॅबसमध्ये नाही. आधी कळवायला हवं होतं.

माझ्या उजव्या हाताच्या मुलीची आजी चौदा महिने तळघरात राहिली होती, आजही झोपताना दिवा मालवू देत नाही. समोरच्या दाढीवाल्याचे पणजोबा परतलेच नाहीत, त्यांचा कोट अजून खुंटीला आहे. एकाचे आजोबा दुसऱ्या बाजूने होते, वाईट बाजूने. तो सगळा वेळ टेबलाकडे बघून बोलला.

मग मी. माझे आजोबा पाटबंधारे खात्यात कारकून होते. आयुष्यात कोणाशी लढले असतील तर दूधवाल्याशी, दुधातल्या पाण्यावरून. बाबांचे वडील असोत की आईचे, आमच्यात सैन्याच्या वाटेला कोणी गेलं नाही. मी "माझ्याकडे काही नाही" असं म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "माझे आजोबा त्या युद्धात होते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. सगळ्यांनी माना माझ्याकडे वळवल्या. या देशात आल्यापासून एवढ्या लोकांनी एका वेळी माझं ऐकलेलं नाही. मग थोडं आणखी सांगितलं. डोंगर. पाऊस. आघाडी. रणगाड्याचा उल्लेखही झाला असावा.

हे खोटं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक आजोबा राहायचे, ते खरंच त्या युद्धात होते. मी त्यांना आजोबाच म्हणायचो. आईने तसंच शिकवलं होतं, बिल्डिंगमधले सगळे म्हातारे ते आजोबा. आता आमच्या आईने लावलेलं वळण इथल्या लोकांना समजावत बसायचं का?

११ ऑक्टोबर, शुक्रवार
अंगाशी येणार असं दिसतंय. प्रोफेसरबाईंनी माझ्याबद्दल म्युझियमला कळवलं. तिथे रेकॉर्ड सांभाळणाऱ्या ज्या बाई आहेत, त्यांचा मला ईमेल. म्युझियममध्ये नवीन दालन होतंय, दुरून येऊन या युद्धात राबलेल्या माणसांचं. आमच्या भागातल्या माणसाची एकही वस्तू त्यांना मिळालेली नाही, काचेची पेटी तयार आहे आणि रिकामी आहे. आजोबांचा फोटो, एखादी वस्तू, आठवणी असं काही देता येईल का? नऊ नोव्हेंबरला उद्घाटन. मी चार शब्द बोललो तर त्यांना आनंद होईल.

सविनय नकार द्यायचा ठरवलं. तीन ओळी लिहिल्या, नम्र आणि ठाम. मग चार शब्द म्हणजे नेमकी किती मिनिटं, ते विचारायचं म्हणून पुन्हा लिहायला बसलो, आणि पाठवलेल्या ईमेलमध्ये नकार राहिलेला नाही.

उद्याचं म्युझियम रद्द. आधी तयारी.

१४ ऑक्टोबर, सोमवार
आईला फोन. सहज विचारल्यासारखं विचारलं, की खालचे आजोबा युद्धात नक्की काय करायचे. आई म्हणाली, त्यांना जाऊन बारा वर्षं झाली, तुला आज बरी आठवण झाली? प्रोजेक्ट आहे म्हटलं. म्हणाली, मग त्यांच्या लेकीला फोन कर, ती काय ते सांगेल.

त्यांची लेक म्हणजे खालच्या मावशी. शाळेत चित्रकला शिकवायच्या. लग्न केलं नाही, वडिलांना शेवटपर्यंत त्यांनीच सांभाळलं. मी म्हटलं आई, तूच विचारून घे ना, मला इकडे वेळ नसतो. आई म्हणाली, तुझ्या प्रोजेक्टसाठी मी का म्हणून खाली उतरू? आणि मग दहाच मिनिटांत उतरली.

१६ ऑक्टोबर, बुधवार, दुपार
मावशींचा फोन. एक तास दहा मिनिटं. लेक्चर बुडालं, पण ते माझ्या हातात नव्हतं.

मला बोलूच देईनात. इतक्या खूश की मधे मधे श्वास लागत होता. म्हणाल्या, आमच्या बाबांचं ऐकायला कोणीतरी आपणहून विचारलं, हे पहिल्यांदाच होतंय.

तर खरी हकिगत. आजोबांनी बंदूक चालवली नाही. रणगाडा लांबून पाहिला असेल नसेल. ते नालबंद होते. फौजेच्या सामानाची खेचरं असायची, त्यांच्या खुरांना नाल ठोकायचे. डोंगर, चिखल, पाऊस, एकेका दिवसात तीसतीस खूर. नाल सैल राहिला तर खेचर दरीत, आणि पाठीवरची औषधंही दरीत. म्हणून आजोबा प्रत्येक खिळा दोनदा बघायचे. आमच्या बिल्डिंगचं गेटही दोनदा बघायचे, ते आठवलं.

मग मावशी म्हणाल्या की शत्रूला आवाज जाऊ नये म्हणून त्या खेचरांचा आवाजच ऑपरेशन करून काढून टाकला होता. शेकड्यांनी जनावरं, आणि सगळी मुकी. "बिल्डिंगमधली पोरं बाबांच्या मागून खेचरासारखं ओरडायची ना, तेव्हा मला राग यायचा. बाबा म्हणायचे, ओरडू दे गं, आमची कधी ओरडलीच नाहीत."

ओरडणाऱ्यांत मी होतो. होतो म्हणजे, सुरुवात मीच करायचो, बाकीच्यांना तो आवाज तितकासा जमायचा नाही. "खेचरआजोबा" हे नावही माझंच, ते सारखं खेचरांचं काहीतरी सांगायला लागायचे म्हणून. त्या वेळी मला त्याचा अभिमान होता. आज फोन कानाला धरून मी आमच्या खोलीतल्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, खोलीत दुसरं कोणी नसताना.

मावशी सगळं लिहून पाठवणार आहेत. फोटोही देणार आहेत, मूळ फोटो, घरात एकच आहे. आणि एक नाल. पोस्टाने नको, हरवेल, कोणी येणारं असेल तर त्याच्याबरोबर पाठवते म्हणाल्या. नेमके रूममेटचे आईवडील पुढच्या आठवड्यात येतायत.

फोटोखाली काय लिहितील, असं त्यांनी तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा सांगितलं, सगळं व्यवस्थित लिहितील.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
पार्सल आलं. रूममेटच्या आईने, काकूंनी, ते सगळा प्रवास मांडीवर ठेवलं होतं. विमानतळावर नाल बघून त्यांना बाजूला घेतलं, तर काकूंनी तिथल्या माणसाला नालबंद म्हणजे काय ते मराठीत समजावून सांगितलं. त्याने शेवटी हात जोडले.

काकू म्हणाल्या, मावशी बसने पाच तास प्रवास करून पार्सल द्यायला त्यांच्या घरी आल्या होत्या. चहा घेतला आणि लगेच परतीची बस धरली. मावशींना बसमध्ये फार त्रास होतो, हे मला माहीत आहे.

जुन्या टॉवेलात गुंडाळलेला फोटो. वीसएक वर्षांचा मुलगा, कान मोठे, शेजारी खेचर. मुलगा कॅमेऱ्याकडे न बघता खेचराच्या पायाकडे बघतोय. सोबत मावशींच्या गोल अक्षरातली अकरा पानं. एकदा वाचली. खरंच सुंदर लिहिलंय. भाषणाची चिंता मिटली.

२९ ऑक्टोबर, मंगळवार
म्युझियमच्या मागच्या दाराने, रेकॉर्डवाल्या बाईंच्या खोलीत. छोटीशी खोली, छतापर्यंत करड्या रंगाची खोकी, खिडकी कायमची बंद. बाईंनी पातळ हातमोजे घातले आणि फोटो असा उचलला, जसं तान्हं मूल उचलतात. नाल तागडीत ठेवून वजन केलं. मला वाटलं मोठ्याने हसून म्हणावं, अहो लोखंड आहे, मोडणार नाही. म्हटलं नाही, हे बरं केलं.

फॉर्म भरायचा होता. नाव, गाव, काम. चौथा रकाना: वस्तू देणाऱ्याचं त्या व्यक्तीशी नातं.

इथे मला खरं सांगायची पूर्ण संधी होती, हे मी मान्य करतो. पेन हातात घेऊन थांबलोही होतो. पण बाई त्याच वेळी चहाचं विचारायला लागल्या आणि लक्ष विचलित झालं. "नातू" लिहिलं. इंग्रजीत आणि त्यांच्या भाषेत, दोन्हीकडे, सुवाच्य.

आजोबा माणूस म्हणून कसे होते, असं बाईंनी विचारलं. मी मावशींची पानं पाठ केली होती, ती सांगितली, फक्त "बाबा"च्या जागी "आजोबा" केलं. हे सगळं तुला त्यांनीच सांगितलं का, विचारलं त्यांनी. म्हटलं, हो तर, रोज संध्याकाळी जिन्यात बसून.

आजोबा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचे हे खरं आहे. मी मागच्या जिन्याने वर जायचो. समोरून गेलं की अर्धा तास धरून ठेवायचे.

बाईंचे डोळे भरून आले. मलाही गलबलून आलं. खोट्याने एवढं गलबलत नाही, तेव्हा त्यात काहीतरी खरं असणारच.

२ नोव्हेंबर, शनिवार
आईने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं आहे की माझं म्युझियममध्ये भाषण आहे. मामाचा आशीर्वाद आला. आत्याने विचारलं, कशावर? आईने लिहिलं, खालच्या आजोबांवर. अठ्ठावीस जणांनी हात जोडले. त्यातला एकही जण इथे येणार नाही, ही समाधानाची गोष्ट. व्हिडिओ वगैरे काढत नाहीत असं आईला कळवून टाकलं.

सहाला उठणे सोमवारपासून.

९ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ
भाषण उत्तम झालं. असं लिहिणार होतो.

झालंही होतं उत्तम. साठसत्तर माणसं, पुढे खुर्च्यांवर म्हातारी मंडळी. मुक्या खेचरांचं सांगितलं तेव्हा एक आजीबाई तोंडावर हात धरून बसल्या. मी आवंढा गिळला, योग्य जागी. टाळ्या. प्रोफेसरबाईंनी पाठीवर हात ठेवला. दाढीवाल्याने येऊन हात घट्ट दाबला. तेव्हाच मला घाम फुटायला सुरुवात झाली होती, पण मला वाटलं गर्दीमुळे.

रूममेट आईवडिलांना घेऊन आला होता. मी नको म्हणून बरंच सुचवलं होतं, त्यांना कंटाळा येईल, थंडी आहे. पण काकू म्हणाल्या, मी आणलेलं सामान मी बघायला नको? पेटीत फोटो, नाल, वरून पिवळा उजेड. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी मुलाला पाटी वाचून दाखवायला सांगितली. त्याने मराठीत वाचली: नालबंद, वय एकवीस, अमुक साल, तमुक डोंगर. वस्तू नातवाकडून.

तो तिथे थांबला. पाटी पुन्हा मनात वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

काकूंनी आवाजसुद्धा चढवला नाही. "त्या बाई मला म्हणाल्या होत्या, आमच्या बाबांना माझ्याशिवाय कोणी नाही."

मी म्हटलं, काकू, ते जरा फॉर्मचं झालंय, तांत्रिक आहे. काकूंनी पर्समधून मोबाइल काढला आणि पाटीचा फोटो घेतला. मावशींनी त्यांना तेवढंच काम सांगितलंय, पाटीचा फोटो आणा. इंग्रजी अक्षरं मावशी जुळवून वाचतात, नातवाचा इंग्रजी शब्द तर त्यांना नक्की येतो. "आमचं विमान पुढच्या रविवारी आहे," काकू म्हणाल्या. "तोवर तू बघ."

काकूंसमोर मान वर करता येईना. त्यांच्या हातातल्या पर्सच्या चेनकडे बघत उभा होतो. टाळ्या वाजवणारी माणसं एकेक करून मला भेटून जात होती आणि मी प्रत्येकाला धन्यवाद म्हणत होतो.

११ नोव्हेंबर, सोमवार
ठरलं. आज जाऊन रेकॉर्डवाल्या बाईंना सरळ सांगायचं. दोन वाक्यं. पाठही केली. सोमवारी म्युझियम बंद असतं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
गेलो. बाई आत होत्या, त्यांच्या खोलीचा दिवा दिसत होता. कामात असतील म्हणून कॅफेत थांबलो. दोन कॉफ्या. मग बाई घरी जाताना दिसल्या, लांबून हात केला त्यांनी. मीही केला.

रूममेट जेवताना माझ्याशी बोलत नाही. भांडी मात्र माझीही घासून ठेवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

१३ नोव्हेंबर, बुधवार
ईमेल लिहिला. नऊ वेळा. पहिल्यात मी गुन्हेगार होतो, चौथ्यापर्यंत गैरसमज झाला, नवव्यात म्युझियमच्या फॉर्ममध्ये शेजाऱ्यांसाठी वेगळा रकाना असावा अशी सूचना होती. पाठवला नाही. हे समोरासमोर बोलायचे विषय असतात.

आणखी एक मार्ग सुचला. काकूंच्या मोबाइलमधला तो फोटो... असं लिहितानाच लाज वाटली, पुढचं लिहीत नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
सांगितलं.

आधी जुनाच पाढा लावून बघितला, की आमच्याकडे बिल्डिंगमधल्या सगळ्या म्हाताऱ्यांना आजोबा म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे भाषांतरात जरासं इकडेतिकडे झालं. बाईंनी शांतपणे ऐकलं, खोक्यातून फॉर्म काढला आणि माझ्यासमोर ठेवला. अक्षर माझंच. मग विचारलं, ते तुला बिल्डिंगमधला नातू मानत होते का?

मी म्हटलं, माहीत नाही. मी त्यांच्याशी कधी बोललो नाही. मग जिन्याचं सांगितलं. मागच्या जिन्याचंही. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ घातला नाही. भाषणात माझं असं काहीच नव्हतं, हेही सांगितलं. सांगून झाल्यावर हलकं वाटतं असं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही.

पाटी त्यांनी माझ्यासमोर जाऊन काढली. नवीन छापून यायला तीन आठवडे. पण त्याआधी मुलीची परवानगी हवी, वस्तू तिच्या आहेत. उद्या सकाळी फोन करू म्हणाल्या. मी म्हटलं, मावशींना तुमची भाषा येत नाही, इंग्रजीही बोलता येत नाही. बाई म्हणाल्या, म्हणूनच तू इथे असणार आहेस. दुभाषी.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपार
फोन स्पीकरवर, टेबलाच्या मधोमध. बाई वही घेऊन समोर. मावशींनी पहिल्याच घंटीला उचलला. त्यांना वाटलं, कार्यक्रम कसा झाला ते सांगायला केलाय.

बाई त्यांच्या भाषेत म्हणाल्या, पाटीवर चुकीची माहिती गेली, या विद्यार्थ्याने स्वतःला नातू म्हणवलं, आणि त्याबद्दल म्युझियम आपली क्षमा मागतं. मग माझ्याकडे बघितलं.

मी मराठीत सांगितलं, मावशी, म्युझियमवाल्यांकडून पाटीत एक बारीकशी चूक झालीय.

मावशी हसल्या. म्हणाल्या, असू दे रे, परक्या माणसांना आपलं सगळं कुठे कळायचं.

बाईंनी पेन थांबवलं. त्यांनी मला विचारलं, मी जे म्हणाले त्यावर कोणी हसणार नाही, तू त्यांना काय सांगितलंस?

तेव्हा सांगितलं. मावशी, चूक त्यांची नाही. फॉर्मवर मी नातू लिहिलं. वर्गात, भाषणात, सगळीकडे सांगितलं की ते माझे आजोबा, आणि सगळं त्यांनी मला सांगितलंय. तुमची पानं मी माझी म्हणून वाचली.

त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली.

"मग पाटीवर मी कुठे आहे?"

म्हटलं, नाही आहात.

बाईंनी विचारलं, काय म्हणाल्या? मी भाषांतर केलं. माझंही उत्तर भाषांतर करून सांगितलं. ती दोन वाक्यं मला दोन भाषांत म्हणावी लागली.

बाईंनी मग हळू आवाजात नवीन पाटीचं समजावलं. वस्तू मुलीकडून, आठवणी मुलीने लिहिलेल्या. आणल्या कोणी याचीही नोंद असते, तिथे या मुलाला काय म्हणायचं? शेजारी म्हटलं तर चालेल का? हे भाषांतर करताना मला थोडी आशा वाटली, खोटं कशाला बोलू. शेजारी तर मी होतोच.

मावशी म्हणाल्या, "शेजारी लिहू नकोस. बाबा पाच वाजता जिन्यात जाऊन बसायचे, तेव्हा बाजूला एक पाट मांडून ठेवायचे. शेजारपाजारचं कोणी टेकलं तर असावा म्हणून. दिवेलागणीला तो पाट मीच उचलून आणायचे. रोज गार असायचा."

एवढंच. रागावल्या नाहीत. फोटो तिथेच राहू दे म्हणाल्या, बाबा निदान चार माणसांत राहतील. मग आईला काही निरोप आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर फोन ठेवला.

ओरडायचो तो मीच, हेही आज सांगायचं ठरवलं होतं. राहिलं. एका दिवसात माणसाने किती सांगायचं.

बाईंनी तो पाटाचा मजकूर वहीत लिहून घ्यायला पुन्हा विचारला. मला तो पूर्ण सांगता आला नाही. पाट म्हणजे काय, तिथेच अडकलो.

१७ नोव्हेंबर, रविवार
काकू गेल्या. जाताना पाटीचा जुना फोटो माझ्यासमोर मोबाइलमधून काढून टाकला. मी पाया पडलो, त्यांनी आशीर्वाद दिला, पण नेहमी देतात तसा, घाईतला.

प्रोफेसरबाईंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की म्युझियम पूर्ण बघितलंस का. म्हटलं, दीड खोली. म्हणाल्या, मग रिपोर्ट त्याचा लिही.

७ डिसेंबर, शनिवार
दहाला दारात होतो. अकरा खोल्या बघितल्या, पाट्या वाचल्या. सगळ्या नाही. बऱ्याचशा.

नवीन पाटी लागली आहे. नालबंद, वय एकवीस. वस्तू आणि आठवणी मुलीकडून, आणि तिचं पूर्ण नाव, दोन्ही भाषांत, स्पेलिंगही बरोबर. खाली बारीक अक्षरांत: एका विद्यार्थ्याच्या हस्ते प्राप्त. फोटो काढून मावशींना पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. दुपारपर्यंत अकरा वेळा बघितलं.

पेटीसमोर उभा होतो तेवढ्यात एक वयस्कर बाई आल्या, काठी टेकत. आधी फोटोतल्या मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोंडवळा एकाच मुलखातला वाटला असावा. फार मायेने विचारलं, तू यांना ओळखत होतास का?

नाही म्हणालो. त्यांना पाटी वाचता येत नव्हती, मी मधे उभा होतो म्हणून. बाजूला झालो.